जबड्याला विश्रांती

डॉक्टरांनी पहिला प्रश्न खर्र्याचा विचारला. नागपुरात तोंड पुरतं उघडत नाही म्हणून कुणी दवाखान्याची पायरी चढलं की पहिला प्रश्न हाच असतो, त्यात त्यांची काही चूक नाही. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून दिवसभर गालात धरणारी माणसं त्यांच्यापुढे रोज येऊन बसतात आणि त्यांची तोंडं हळूहळू मिटत जातात. मी म्हटलं, खात नाही. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, पूर्वी कधी? मी म्हटलं, पूर्वीही नाही. मग त्यांनी गालाच्या आतून बोट फिरवून स्वतःची खात्री करून घेतली. पन्नाशी ओलांडलेली, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणारी बाई म्हणून मला काही सूट मिळाली नाही. अशाच बायका घरी लपून खातात असा त्यांचा अनुभव असावा.

माझा जबडा डाव्या बाजूला बरीच वर्षं वाजत होता. जांभई दिली की वाजायचा, भाकरी चावली की वाजायचा. गुडघे वाजतात तसा जबडाही वाजत असेल म्हणून मी तिकडे काणाडोळा केला होता. मग एका सकाळी वाजणं बंद झालं आणि त्याबरोबर उघडणंही. दातांमध्ये दोन बोटं कशीबशी मावत. पोहे चमच्याच्या टोकावर घेऊन आत सारावे लागले. एमआरआय झाला आणि डॉक्टरांनी समजावलं की कानापुढे जिथे जबडा कवटीला टेकतो तिथल्या सांध्यात एक लहानशी गादी असते, ती पुढे सरकून अडकली आहे. दाराखाली पायपुसणं अडकावं तसं, असं ते म्हणाले. हे ते दिवसातून दहा जणांना सांगत असणार, पण मला लगेच कळलं.

मग त्यांनी विचारलं, शिक्षिका आहात का? गाता का? मी म्हटलं, ग्रंथालयात आहे, तिथे तर बोलायचीच बंदी. आणि घरी? घरी आईशी बोलते. ते हसले, आईशी सगळेच बोलतात म्हणाले. तेव्हा मला आमचं घरचं बोलणं त्यांना करून दाखवावं लागलं, म्हणजे तोंड जेवढं उघडत होतं तेवढ्यात.

मी आठ-नऊ वर्षांची असताना आईला टीबी झाला. वडील गिरणीत होते, आमची खोली अंधारी होती आणि वस्तीत घराआड हा आजार होता. त्या काळी इंजेक्शनं असत, महिनोन् महिने चालणारी. त्यांनी आईची छाती बरी केली आणि कान नेले. आधी एक, मग दुसरा. भाऊ तेव्हा तान्हा होता. त्याला मामाच्या गावी ठेवलं होतं आणि तो बरीच वर्षं तिकडेच वाढला. घरात उरले ते वडील, जे मुळातच फारसं बोलत नसत, आणि मी. आई दुसरीपर्यंत शिकलेली. बसची पाटी वाचते, सही करते, पण लिहून दिलेलं वाक्य तिला जुळवत बसावं लागतं आणि त्याचा तिला संताप येतो. त्यामुळे आईशी बोलण्याचं काम माझ्याकडे आलं ते आलंच.

ते बोलणं आम्ही दोघींनी मिळून घडवलं. मी आवाज काढत नाही, काढून उपयोग काय. मी तोंड दाखवते. आ म्हणजे पडजीभ दिसेल असा आ, ओ म्हणजे ओठ पार पुढे काढून, एकेक अक्षर सुटं करून. आणि ओठांवर जे मावत नाही ते चेहऱ्यावर. काही विचारायचं तर दोन्ही भुवया वर, चेष्टा असेल तर डोळे बारीक, आणि कुणाबद्दल बोलते आहे ते त्या माणसाचं तोंड करून. मी चिडले आहे की मजेत आहे हे आईला शब्द कळायच्या आधी कळलेलं असतं. ती स्वतः मात्र चांगली मोठ्यानं बोलते. त्यामुळे नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटमधून बाहेर फक्त तिचाच आवाज जातो. नवीन राहायला आलो तेव्हा मजल्यावरच्या लोकांना बरेच दिवस वाटत होतं की म्हातारी एकटीच बडबडते आणि मुलगी तिला साधं उत्तरही देत नाही.

डॉक्टरांनी हे सगळं लक्ष देऊन बघितलं. किती वर्षांपासून, असं विचारलं. मी म्हटलं, चाळीसच्या वर झाली असतील.

“हेच कारण आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही,” ते म्हणाले. “सांधे कशानंही झिजतात. पण मॅडम, जबड्याला विश्रांती द्यावी लागेल. आईशी जरा कमी बोला.”

घरी आल्यावर आईनं विचारलं, डॉक्टर काय म्हणाला. मी म्हटलं, वय झालं म्हणाला. तुहं वय झालं तं मंग माहं काय झालं, असं म्हणून ती वरण टाकायला उठली. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे नकोत, पण त्यामुळे घरात आम्ही दोघीच असतो. दोघीच असलेल्या घरात कमी बोलणं कसं जमवायचं ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

पुढचे काही महिने मी खिचडी, लापशी आणि भिजवलेली पोळी खाल्ली. झोपताना दातांवर घालायला प्लास्टिकची पट्टी मिळाली, ती घातली की मी आरशात बॉक्सरसारखी दिसायचे. शेक घेतला, व्यायाम केले. बोलणं काही कमी झालं नाही. तोंड कमी उघडत होतं म्हणून मी ते जास्त ताणत होते, आणि ताणत होते म्हणून ते जास्त दुखत होतं. शेवटी डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीनं करून टाकू. छोटंसं काम आहे. कानापुढे बारीक छिद्र पाडायचं, आत दुर्बीण घालायची, सांधा धुवायचा, चिकटलेलं सोडवायचं, दुसऱ्या दिवशी घरी. टाके म्हणाल तर नावाला. मग त्यांनी काय काय बिघडू शकतं तेही सांगितलं. सूज येते, दात काही दिवस नीट बसत नाहीत, कानाला त्रास होतो, क्वचित चेहऱ्याच्या नसेला धक्का बसतो. क्वचित हा फार सभ्य शब्द आहे. तो ऐकताना आपल्याला नेहमी दुसराच कुणीतरी डोळ्यांपुढे येतो.

भूल उतरली तेव्हा डावा गाल मला माझा वाटत नव्हता. डोक्याला गच्च पट्टी होती आणि डाव्या कानात कुणी कापूस कोंबल्यासारखं झालं होतं. भाऊ नागपूरजवळच्या मौद्याहून आला होता. तो तिथल्या वीज केंद्रात कंत्राटदाराकडे सुपरवायझर आहे. तो डाव्या बाजूला उभा राहून बोलत होता आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्या क्षणी मी जेवढी घाबरले तेवढी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. टीबीच्या इंजेक्शनांनी आईचे कान गेले, आता दुर्बिणीनं माझे, असंच मनात आलं. सिस्टरनं सांगितलं की कानात रक्त साकळलं आहे, साफ केलं की होईल ठीक. आणि ते तसंच झालंही, चार-पाच दिवसांत कान मोकळा झाला. त्या आनंदात मी बाकीच्या चेहऱ्याकडे लक्षच दिलं नाही.

ते आईनं दिलं. घरी आले, पट्टी सुटली, आई माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि बघतच राहिली. मी विचारलं, काय बघतेस? म्हणजे विचारायला गेले. उजवी भुवई वर गेली आणि डावी जागची हलली नाही. कपाळाचा डावा अर्धा भाग इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत. डावा डोळा मिटायला गेले तर पापणी अर्ध्यावर येऊन थांबत होती आणि खालून डोळ्याचा पांढरा भाग दिसत राहत होता. दातही बसत नव्हते. उजवीकडचे टेकत, डावीकडे मध्ये फट, त्यामुळे मी जे बोलेन ते कुणीतरी तोंडात सुपारी धरून बोलावं तसं. म्हणजे शेवटी खर्रेवाल्यासारखीच दिसू लागले.

डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. नस तुटलेली नाही, नुसती दुखावली आहे, येईल. सूज उतरली की दात बसतील. कधी येईल विचारलं तर म्हणाले, काही आठवडे, काही महिने, पण येईल. डोळ्यात थेंब घालायला दिले, झोपताना पापणीवर चिकटपट्टी लावायला सांगितली. मला त्यांच्यावर रागवायचं होतं, पण त्यांनी आधी सगळं सांगितलं होतं, त्यामुळे तेही करता येईना. नुसताच थकवा आला.

घरी येऊन हे आईला सांगायचं होतं. जबडा दुखत होता, ओठ सुजलेले, मी कसंबसं म्हटलं की येईल म्हणाले. आईला कळलं नाही. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना कानापुढून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, राहू दे, समजलं. मग खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, “माह्या कानाचंबी असंच म्हनलं होतं. येईन म्हने. मी दिवाळीपर्यंत वाट पाह्यली.”

हे तिनं मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. मी लहान होते, मला वाटायचं कान गेले ते एका दिवसात गेले आणि तिनं ते मान्य केलं.

बाहेरच्या जगाचा मला फार त्रास झाला नाही. मार्च लागला होता, आणि नागपूरच्या उन्हात सगळ्याच बायका तोंडाला दुपट्टा बांधून, गॉगल लावून गाडी चालवतात. रस्त्यावर मी चारचौघींसारखीच होते. ग्रंथालयात गॉगल काढावा लागे, पण तिथली मुलं मोबाइलमधून मान वर काढत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र मला जिन्यात गाठलं आणि लकवा आहे म्हणून निदान केलं. त्यांच्या दिराला झाला होता, जंगली कबुतराचा रस्सा दिला आणि तोंड सरळ झालं. कबूतर कुठे मिळतं तेही त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, माझा लकवा नाही, माझी दुर्बीण आहे. त्या म्हणाल्या, एकच गोष्ट. ग्रंथालयातला चपराशी तर थेट गावाचं नाव घेऊन आला, तिथे शनिवारी तेल देतात आणि गाल चोळून देतात. ताज्या धुतलेल्या सांध्यावर कुणी चोळलं तर काय होईल या विचारानंच मला घाम फुटला. सगळी प्रेमानं सांगत होती, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगताना माझा जबडा भरून यायचा.

खरी अडचण घरात होती. आईला माझं तोंड दिसत नव्हतं, कारण ते उघडतच नव्हतं. आणि चेहऱ्यावर जे दिसत होतं ते भलतंच होतं. अर्ध्या चेहऱ्यानं काही विचारलं की तो चेहरा विचारत नाही, हिणवतो. एक भुवई वर, एक डोळा रोखलेला, ओठ एका बाजूला. आरशात बघितलं तेव्हा मलाच त्या बाईचा राग आला. मी आईला चहा घेणार का विचारलं की ती माझ्याकडे बघायची आणि नको म्हणायची. औषध घेतलं का विचारलं की गडबडीनं उठून डबा उघडायची. एकदा मी तिच्या भाजीचं कौतुक केलं, तर तिनं ताटातली भाजी परत कढईत टाकली आणि मीठ जास्त झालं असन म्हणाली. मी हात जोडले, हातवारे केले, शेवटी कढईतून भाजी परत वाढून घेतली. ती खाली बघत जेवली.

मग ती माझ्याकडे बघेनाशीच झाली. मी ग्रंथालयातून आले की ती टीव्हीकडे तोंड करून बसलेली असे, आवाज बंद केलेला टीव्ही. जेवणं शेजारी शेजारी बसून होत, समोरासमोर नाही. आणि इथे मला जे वाटलं ते लिहायला हवं. मला बरं वाटलं. चाळीस वर्षं दारातून आत पाऊल टाकलं की चपला काढायच्या आधी मी तोंड उघडत आले आहे. बस उशिरा का आली, साहेब काय म्हणाले, भाजी काय भावानं मिळाली, बातम्यांत काय झालं, शेजारी कुणाची सून आली, सगळं जग मी तोंडानं भरवत आले. ते करताना कंटाळा येतो असं मी कधी स्वतःशीही म्हटलं नव्हतं. आता ती बघत नव्हती, मला बोलावं लागत नव्हतं आणि माझा सांधा पहिल्यांदा न ठणकता झोपू देत होता. मी दमले होते, इतकी की तिच्या न बघण्याचं वाईट वाटायलाही जरा वेळ लागला.

वाईट वाटलं ते ती जायला निघाली तेव्हा. एका रविवारी भाऊ गाडी घेऊन आला आणि आईची पिशवी दाराशी भरून तयार होती. खालच्या काकूंच्या मुलाला सांगून तिनंच त्याला फोन करवला होता. मले थोडे दिवस पोट्टे पाहाचे हाय, असं ती म्हणाली. पोट्टे म्हणजे भावाची मुलं, दोघंही नागपुरातच होस्टेलला आहेत, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मी अडवायला पुढे झाले. चेहऱ्यावर काय उमटलं असेल ते देव जाणे. तिनं माझ्या डोळ्यात थेंब घातले, पापणी खाली ओढून नीट, आणि गाडीत जाऊन बसली.

भाऊ वाईट नाही. भावजय तर माझ्यापेक्षा मायाळू आहे. पण त्यांच्याकडे आईशी बोलायची रीत नाही. भाऊ तान्हेपणी गेला तो मोठा होऊन आला, त्याला आईशी खुणेनं बोलता येतं, ये, जेव, झोप, दुखतं का, एवढंच. भावजय मोबाइलवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवते आणि आई दुसऱ्या शब्दाला मान फिरवते. माझ्याशिवाय तिच्याशी गप्पा मारणारं जगात कुणी नाही. हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, आणि तरी ती गेली. मी मनाशी ठरवून टाकलं की माझ्या अर्ध्या तोंडानं तिचा अपमान केला आणि ती रुसून गेली.

मी व्हिडिओ कॉल करायचे. भाऊ फोन धरायचा, आईचा अर्धा कान आणि भिंतीवरचं कॅलेंडर दिसायचं. माझं तोंड त्या पडद्यावर अंगठ्याएवढं, त्यात आधीच वाकडं. आई एकदा बघायची, बरी आहो म्हणायची आणि फोन परत द्यायची. मग भाऊ सांगायचा की काही त्रास नाही तिचा, गपचूप बसून राह्यते, वड्या-पापड घालून राह्यली. तो हे मला बरं वाटावं म्हणून सांगत होता. गपचूप आणि आई हे दोन शब्द मी जन्मात एकत्र ऐकले नव्हते. आमच्या मजल्यावर आता कुणाचाच आवाज येत नव्हता, आणि ज्यांना ती बडबड खुपायची त्यांनीही आजी दिसत नाहीत म्हणून विचारलं.

जबडा मात्र बरा होत गेला. आधी दात बसले. मग तीन बोटं मावू लागली. एप्रिलच्या शेवटी डॉक्टरांनी पट्टीनं तोंड मोजलं आणि भारी खूश झाले. सांधा असा शांत मी तुमच्यात कधी बघितला नव्हता, काय केलंत, असं विचारलं. मी म्हटलं, घरी एकटी आहे. हां, मग बरोबर, ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. त्यांनी ते वाईट अर्थानं म्हटलं नव्हतं. मी जिन्यात थोडा वेळ बसून राहिले.

डोळा मेच्या सुरुवातीला मिटू लागला. भुवई सगळ्यात शेवटी आली. ग्रंथालयात एका मुलीनं तीन वर्षांपूर्वी नेलेलं पुस्तक परत आणलं तेव्हा माझ्या दोन्ही भुवया वर गेल्या, आणि कपाळाला डावीकडे काहीतरी ओढल्यासारखं झालं. हात लावून बघितलं तर कातडी हलत होती. त्या मुलीला वाटलं मी दंड लावते आहे, ती बिचारी कारणं सांगत बसली. मी तिला जायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवसाची रजा टाकली.

मौद्याला पोचले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. आईचं सामान आणायला मी मोठी पिशवी घेतली होती. बसमध्ये मी सगळं मनाशी जुळवत आले. तो माझा चेहरा नव्हता, ती नस होती. मी तुला हिणवत नव्हते. तू मनाला लावून घेतलंस. आता सगळं जागच्या जागी आलं आहे, चल घरी. आई मागच्या ओसरीत प्लास्टिकच्या कागदावर मुगवड्या घालत बसली होती. पाठ दाराकडे, त्यामुळे मी समोर जाऊन उभी राहिले. तिनं वर बघितलं, हात लुगड्याला पुसले, उठली आणि माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं.

वर कर, म्हणाली. मी भुवया वर केल्या. डोये मीट, म्हणाली. मी मिटले. मग आ करायला लावला आणि बैलबाजारात दात बघावेत तसं आत डोकावून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंदच म्हणावं लागेल, पण ती लगेच बसली आणि पिठात हात घातला.

मी तिच्यासमोर बसले आणि पाठ केलेलं बोलू लागले. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा पूर्ण तोंड उघडून, एकेक अक्षर सुटं करून. एक वाक्य झालं असेल नसेल, तिनं पिठाचा हात मागे घेतला आणि दुसरा हात माझ्या तोंडावर ठेवला.

“मी रागानं नाही आली वं,” ती म्हणाली. “तुहं तोंड वाकडं झालं तं तू मले हिणवून राहिली असं मले वाटन का? मी आज ओळखून राहिली का तुले?”

मी तिचा हात बाजूला करून विचारलं, मग काहून आली?

ती वड्या घालत राहिली. एकेक, सारख्या अंतरावर. “फोनवर कोनाशी बोलतं तवा तुहे ओठ धड हालत बी नाही,” ती म्हणाली. “माह्यासमोर आली का पुरा जबडा हालते, मानेच्या शिरा दिसते. मले कान नाहीत, डोये तं आहेत ना. लहानी होती तवापासून पाहून राहिली मी.” मग तिनं मान वर केली. “डॉक्टरानं तेच सांगतलं ना तुले?”

मी नाही म्हटलं. मोठ्ठं नाही, ओठ पुरते ताणून, मानही हलवली. पण ती ओठांकडे बघतच नव्हती. ती वर बघत होती, कपाळाकडे, डोळ्यांकडे. मार्चमध्ये तिनं विचारलं असतं तर तो अर्धा चेहरा काहीही सांगू शकला असता, त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. आता नस आली होती, सगळं हलत होतं, आणि माझ्या चेहऱ्यावर जे होतं ते तिनं नेहमीसारखं शब्दांच्या आधी वाचलं.

“मंग,” ती म्हणाली. “मी इथंच बरी आहो. तू जेवून जाजो.”

मी पुष्कळ सांगितलं. घर खायला उठतं म्हटलं, डॉक्टरला काय कळतं म्हटलं, रडलेही. ती एकदाही चिडली नाही. जबडा दुखन, उगी राह्य, एवढंच दोनदा म्हणाली. मग भावजयीनं हाक मारली. तिनं माझ्यासाठी मुद्दाम ज्वारीच्या भाकरी टाकल्या होत्या आणि सोबत कच्चा कांदा फोडला होता, वर्षभरात मी यातलं काही खाल्लं नव्हतं. मी दोन्ही बाजूंनी चावत जेवले. आई समोर पाटावर बसून होती, आणि मी उठेपर्यंत ती माझा जबडा हलताना बघत राहिली.